लॅपटॉपची वाय-फाय जोडणी : बिघाड आणि दुरुस्ती

लॅपटॉप बिनतारी जाळ्याला न जोडला जाणे किंवा जोडला जाऊनही इंटरनेट न चालणे, या बिघाडाचे कारण शोधून तो दूर करण्याची पद्धत. जोडणी चार टप्प्यांनी पूर्ण होते : राऊटरच्या रेडिओ लहरी लॅपटॉपला मिळणे, पासवर्डने ओळख पटणे, राऊटरकडून आयपी पत्ता मिळणे आणि राऊटरमधून बाहेरच्या इंटरनेटपर्यंत पोचणे. कोणत्या टप्प्यावर अडले ते आधी ठरवले, तर बहुतेक बिघाड घरीच निघतात. ते न ठरवता लॅपटॉप ‘फॉरमॅट मारायला’ नेला, तर पैसे जातात, फाइलींनाही धोका असतो आणि दोष राऊटरमध्ये असेल तर तो जिथल्या तिथेच राहतो.

पार्श्वभूमी : वाय-फायचा पाया असलेले आयईईई ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले आणि १९९९ पासून ‘वाय-फाय’ हे नाव रूढ होऊ लागले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोकळीक २०१८ मध्ये वाढवण्यात आली. त्यामुळे घरात राऊटर लावायला सरकारी परवाना लागत नाही.

कृष्णा-वारणा खोऱ्यात संगणकजोडणीचा मोठा प्रयोग हे पट्टे मोकळे होण्याआधीच झाला होता. वारणानगरच्या सहकारी समूहाभोवतीच्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. पुढे तेथील काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवर ऊस उत्पादकांची कामे करून पाहण्यात आली. गावोगावचे संगणक सांभाळण्याचा खर्च हे त्यामागचे एक कारण होते. यंत्र बसवण्याइतकेच ते चालते ठेवणे महत्त्वाचे, हे या भागाने तेव्हाच पाहिले.

याच भागात, वाळवा तालुक्याचे ठाणे असलेल्या इस्लामपूरजवळ (२०२५ मध्ये राज्य शासनाने शहरासाठी ईश्वरपूर हे नाव जाहीर केले) राजारामनगर येथे १९८३ मध्ये राजारामबापू तंत्रशास्त्र संस्था, म्हणजे आरआयटी, सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या खोलीत, दुकानात आणि पुण्याचे काम गावाकडून करणाऱ्यांच्या घरात लॅपटॉप आता रोजचा झाला आहे. जोडणी तुटली की परीक्षेचा अर्ज, बिले आणि नोकरीचे काम एकदमच अडते.

निदान : सुरुवातीला दोन चाचण्या कराव्यात. पहिली, मोबाइलचा डेटा बंद करून तो त्याच वाय-फायवर लावावा. दुसरी, मोबाइलचा डेटा पुन्हा चालू करून लॅपटॉप त्याच्या हॉटस्पॉटला जोडावा. मोबाइल वाय-फायवर चालतो पण लॅपटॉप हॉटस्पॉटवरही चालत नाही, तर दोष लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालतो पण मोबाइल वाय-फायवर चालत नाही, तर दोष राऊटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. दोन्ही चालतात आणि फक्त हा लॅपटॉप या राऊटरशी जुळत नाही, तर दोष बहुधा पासवर्ड, पट्टा किंवा पत्त्याच्या सेटिंगमध्ये असतो.

१. वाय-फायचे नाव दिसत नाही : एअरप्लेन मोड चालू आहे का ते पाहावे. अनेक लॅपटॉपवर वाय-फायची खूण असलेले बटण कीबोर्डच्या वरच्या ओळीत असते, जुन्या काहींवर कडेला सरकते बटण असते. ते चुकून बंद होते. त्यानंतर ‘रीस्टार्ट’ करावे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर यंत्रणा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. ‘रीस्टार्ट’ केल्यावर होते. तरीही वाय-फायची खूणच दिसत नसेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये वाय-फाय कार्ड आहे का आणि त्यावर पिवळी खूण आहे का ते पाहावे. पिवळी खूण असेल तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. त्यासाठी मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ने इंटरनेट मिळवता येते.

इतर सर्व नावे दिसतात आणि आपलेच दिसत नाही, तेव्हा पट्टा तपासावा. जुनी कार्डे फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राऊटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर असेल तर त्यांना तो दिसत नाही. अमेरिकेतून आणलेल्या काही लॅपटॉपना २.४ गिगाहर्ट्झमधील १२ आणि १३ क्रमांकांचे चॅनेल दिसत नाहीत. राऊटरमध्ये १, ६ किंवा ११ निवडले की अडचण दूर होते. राऊटरच्या अगदी शेजारीच जोडणी होत असेल आणि लॅपटॉप नुकताच दुरुस्तीसाठी उघडलेला असेल, तर कार्डाच्या अँटेनाच्या बारीक तारा बसवायच्या राहिल्या असण्याची शक्यता मोठी.

२. नाव दिसते, जोडणी होत नाही : जाळे ‘फरगेट’ करून पासवर्ड नव्याने टाकावा. राऊटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ असेल, तर जुना लॅपटॉप अडतो. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालतील असा पर्याय ठेवावा. महाविद्यालयांच्या जाळ्यात अनेकदा प्रत्येकाचे वेगळे नाव आणि पासवर्ड असतो. तेथे लॅपटॉपची तारीख चुकलेली असेल तर प्रमाणपत्र नाकारले जाऊ शकते.

३. जोडले जाते, पत्ता मिळत नाही : जोडणीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने पत्ता दिलेला नाही. राऊटर बंद करून थोड्या वेळाने चालू करावा. कार्यालयासाठी कोणी हाताने पत्ता भरून ठेवला असेल, तर तो काढून ‘ऑटोमॅटिक’ करावे.

४. ‘नो इंटरनेट’ दिसते : आधी रिचार्ज संपले नाही ना ते पाहावे. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा असेल, तर प्रकाशाचा संकेत येत नाही, केबल दुमडली किंवा तुटली असण्याचा संभव असतो आणि ते काम सेवा देणाऱ्याचे आहे. फायबर ओढू किंवा मुडपू नये. दिवे ठीक असतील तर व्हीपीएन आणि प्रॉक्सी बंद करावेत, डीएनएस बदलून पाहावा. सार्वजनिक वाय-फायवर आधी ब्राउझरमध्ये लॉगिनचे पान उघडावे लागते.

स्थानिक कारणे : दगडी किंवा मातीच्या जाड भिंती, सिमेंटचा स्लॅब आणि लोखंडी पत्रा यांनी लहरी अडतात किंवा क्षीण होतात. ५ गिगाहर्ट्झवर इंटरनेटचा वेग जास्त मिळत असला तरी त्याच्या लहरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात. राऊटर कपाटात, टीव्हीमागे किंवा पाण्याच्या टाकीजवळ न ठेवता घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राऊटर आणि फायबरचा डबा बंद पडतात. ते दोन वेगळे असतील तर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागण्यापूर्वीच त्यांचे अडॅप्टर सॉकेटमधून काढावेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा-वारणाकाठी महापूर आला होता. पुरात भिजलेले यंत्र ‘चालते का’ म्हणून लगेच चालू करू नये, तपासून घ्यावे.

शेवटचे उपाय : ‘नेटवर्क रीसेट’ केल्यास फाइली राहतात, मात्र साठवलेले वाय-फाय पासवर्ड पुसले जातात. राऊटरचे पिनने दाबायचे छिद्र सेवा देणाऱ्याला विचारल्याशिवाय दाबू नये; त्याने भरलेली सेटिंगही पुसली जाते. कार्डच निकामी असेल, तर यूएसबीमध्ये बसणारा छोटा वाय-फाय अडॅप्टर हा स्वस्त मार्ग. फोनवरून ‘दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला लॅपटॉपचा ताबा किंवा ओटीपी कधीही देऊ नये.

दुकानात जावेच लागले, तर वरील दोन चाचण्यांचा निकाल, पडद्यावरील संदेशाचा फोटो आणि राऊटरच्या दिव्यांचे रंग सोबत न्यावेत आणि फाइलींची प्रत काढल्याखेरीज फॉरमॅटला होकार देऊ नये.