वैद्यांचा वसंत

वसंताला ‘ऋतुराज’ ही पदवी कवींनीं दिली. आम्रमंजरी, कोकिळेचा आलाप आणि मलयपर्वतावरून येणारा वारा यांवांचून संस्कृत काव्यांतील वसंत पुरा होत नाहीं. परंतु त्याच भाषेंत वैद्यांनीं या ऋतूविषयीं जें लिहून ठेविलें आहे, तें वाचूं लागलें म्हणजे आपण एखाद्या निराळ्याच ऋतूचें वर्णन वाचीत आहों कीं काय, असें वाटूं लागतें. अंग जड होणें, अन्नावरची वासना उडणें, भर दुपारीं डोळ्यांवर झांपड येणें, सर्दी आणि खोकला, हा कफाचा सारा परिवार वैद्यांच्या वसंताबरोबर येतो. कवीचा राजा तो वैद्याचा संशयित कसा झाला, आणि त्याच्या बंदोबस्तासाठीं जे नियम सांगितले गेले ते कोणाच्या वसंताचे होते, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या मताच्या मुळाशीं एक मार्मिक कल्पना आहे. दोष ज्या ऋतूंत सांठतो त्या ऋतूंत तो सहसा पीडा देत नाहीं; पीडा देतो तो पुढच्या ऋतूंत. सांठणें, खवळणें आणि शमणें या तीन अवस्थांना शास्त्रकारांनीं संचय, प्रकोप आणि प्रशम अशीं नांवें दिलीं आहेत. थंडीच्या दिवसांत जठराग्नि प्रबळ असतो. स्निग्ध, गोड व जड अन्न तेव्हां पचतें, आणि शास्त्रहि तेंच खाण्यास सांगतें. मात्र त्याबरोबर कफ सांठत जातो. पुढें सूर्य तापूं लागला म्हणजे हा थिजलेला कफ वितळतो, जठराग्नीला मंद करतो आणि अनेक रोगांना वाट करून देतो. म्हणजे वसंतांतील आळस हें हिवाळ्यांत काढलेल्या कर्जाचें व्याज होय. हिपॉक्रेटिसच्या नांवावर चालत आलेल्या, मनुष्यप्रकृतीविषयींच्या ग्रीक ग्रंथांत कफाचा ऋतु हिवाळा व रक्ताचा ऋतु वसंत अशी वांटणी आहे. मागच्या ऋतूचा अवशेष पुढच्या ऋतूंत राहतो हें ग्रीकांनाहि मान्य होतें. परंतु एका ऋतूंत सांठवण आणि दुसऱ्या ऋतूंत भोग, असा सरळ हिशेब मांडण्यावर भर दिला तो आपल्या वैद्यांनीं.

आतां प्रत्यक्ष नियम पाहूं. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांच्या सूत्रस्थानांतील सहावा अध्याय आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांतील तिसरा अध्याय ऋतुचर्येला वाहिलेला आहे. वसंतांत जड, थंड, स्निग्ध, आंबट व गोड पदार्थ वर्ज्य करावे, दिवसां निजूं नये, व्यायाम करावा, कोरड्या चूर्णांनीं अंग चोळावें, जुने जव व गहूं, मध आणि जांगल प्राण्यांचें मांस खावें, सुंठ किंवा नागरमोथा घालून उकळलेलें पाणी प्यावें, हा त्यांचा सारांश. व्यायामालाहि सीमा आहे. वाग्भट सांगतो कीं, बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेंहि थंडींत आणि वसंतांत अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, आणि इतर ऋतूंत त्याहूनहि कमी. आळस घालवावयाचा म्हणून शरीराला एकदम जुंपण्याची ही शिकवण नव्हे.

हे नियम कोणासाठीं लिहिले गेले, हेंहि त्यांतच उघड होतें. आसव, अरिष्ट व द्राक्षांचें मद्य, चंदन व अगुरु यांचे लेप, आणि दक्षिणवायूनें शीतल झालेल्या उपवनांत मित्रांसह घालविलेली दुपार या गोष्टी नांगर धरणाऱ्याच्या आवाक्यांतल्या नव्हेत. हा उपदेश नगरांतील संपन्न गृहस्थाला उद्देशून आहे; आणि जड अन्न व दिवसाची झोंप हे विशेषेंकरून त्याचेच दोष, हें ध्यानांत घेतलें म्हणजे उपदेशाचें मर्म अधिक कळतें. ज्याचा दिवस शेतावर उजाडतो, त्याला व्यायामाची आठवण करून देण्याचें कारण पडत नाहीं.

याहून महत्त्वाचा प्रश्न आहे तो वसंत कोणता, हा. सर्वत्र चालू असलेल्या गणनेप्रमाणें चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने. सुश्रुतानें ही गणना दिली आहे. पण त्याच अध्यायांत दोषांचा संचय व प्रकोप समजण्यासाठीं त्यानें दुसरी गणना सांगितली आहे. तींत शिशिर गळतो, पावसाळ्याच्या आरंभीं ‘प्रावृट्’ हा ऋतु येतो आणि वसंत फाल्गुन व चैत्र या महिन्यांवर सरकतो. एकाच ग्रंथांत दोन पंचांगें! ज्यांना शास्त्र म्हणजे अढळ नियमांची यादी वाटते त्यांना ही विसंगति भासेल; आम्हांस मात्र त्यांत शास्त्राचा जिवंतपणा दिसतो. ऋतूंचीं नांवें तींच ठेवून त्यांच्या सीमा प्रयोजनाप्रमाणें हलविण्यास सुश्रुत कचरला नाहीं.

अष्टांगसंग्रहानें तर या प्रश्नाचा निकालच लावून टाकिला आहे. हृदयकार व संग्रहकार एकच कीं दोन, हा विद्वानांचा जुना वाद आहे. त्यांत आम्ही शिरत नाहीं. संग्रहकार स्वतःचा जन्म सिंधुदेशांत झाल्याचें सांगतो. त्याच्या मतें ऋतु ओळखण्याचीं लक्षणें तीन : महिना, सूर्याची राशि आणि ऋतूचें प्रत्यक्ष स्वरूप. या तिहींत मागल्यापेक्षां पुढलें अधिक बलवान, आणि त्यास अनुसरूनच मनुष्यानें आपली चर्या ठेवावी. म्हणजे पंचांग एक सांगत असेल व आकाश दुसरें सांगत असेल, तर आकाशाचें ऐकावें. ऋतुचर्येच्या साऱ्या वाङ्मयांत याहून मोलाचें वाक्य आम्हांस आढळलें नाहीं.

महाराष्ट्राचा या परंपरेशीं संबंध जुना आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. आणि पुढें १९३९ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें हरिशास्त्री पराडकर यांच्याकडून संपादन करवून, अरुणदत्त व हेमाद्रि या दोघांच्या टीकांसह तो ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु टीकांपेक्षांहि बोलका पुरावा आपल्या घरांत आहे. वर्षप्रतिपदेला आपण कडुनिंबाची कोंवळी पालवी ओंवा, मिरीं व हिंग घालून खातों. कडू व तिखट हे कफाचे वैरी. तेव्हां हा प्रकार वसंतचर्येस धरून आहे. पण त्याच चैत्रांत गौरीच्या हळदीकुंकवाला कैरी घातलेली वाटली डाळ आणि पन्हें देतात. आंबट, गोड आणि थंड! वसंतांत वर्ज्य म्हणून सांगितलेले तिन्ही गुण एका पेल्यांत एकवटलेले. मग आपल्या आज्यापणज्यांनीं शास्त्र मोडलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दख्खनच्या पठारावर चैत्र अर्धा सरतो न सरतो तोंच ऊन ग्रीष्माचें होतें. आणि ग्रीष्मचर्येंत वाग्भटानें कोऱ्या मातीच्या भांड्यांत ठेवलेलें, किंचित् आंबट असें पानक प्यावयास सांगितलें आहे. पानकाचें आणि पन्ह्याचें नातें सांगावयास नकोच. त्या बायकांनीं संग्रह वाचला नव्हता. पण महिन्यापेक्षां ऋतूचें स्वरूप बलवान, हा त्यांतील नियम त्यांच्या हातांनीं पाळला.

हें सारें उकरून काढण्याचें कारण केवळ इतिहासाची हौस नव्हे. हल्लीं वसंत आला कीं ‘हें खा, तें टाळा’ अशा याद्या जिकडेतिकडे दिसूं लागतात, आणि तारीख ठरवून वमनाचीं शिबिरें भरतात. वसंतांत वमन सांगितलें आहे हें खरें; पण बालक, वृद्ध, दुर्बल व गर्भिणी यांना तें देऊं नये, आधीं स्नेहन व स्वेदन करावें आणि नंतर पेजेपासून चढत्या क्रमानें आहारावर यावें, हेंहि त्याच ग्रंथांनीं तितक्याच आग्रहानें सांगितलें आहे. यादींत तेवढें नेमकें गळतें. शिवाय वितळलेल्या कफाला आजचें शरीरशास्त्र साक्ष देणार नाहीं, हेंहि स्पष्ट म्हटलें पाहिजे. आणि महिनोन्महिने टिकणाऱ्या थकव्याचें मूळ रक्तक्षयासारख्या विकारांत असूं शकतें, त्याला ऋतु बदलण्याची वाट पाहणें हा उपाय नव्हे. हलकें अन्न, बेताचा व्यायाम आणि दुपारच्या झोंपेला आळा, एवढा भाग मात्र कोणत्याहि शास्त्राच्या उजेडांत टिकणारा आहे.

आणि ऋतु तरी कोठें आपल्या जागीं राहिले आहेत? २०२२ सालच्या मार्च महिन्यांत देशाचें सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक ठरलें. अशा वर्षीं फाल्गुनांतच ग्रीष्म दारांत उभा असतां कोणी पोथीवर बोट ठेवून उष्ण व रूक्ष आहाराचा हट्ट धरील, तर तो पोथीशींहि एकनिष्ठ नव्हे. वाग्भटानें दोन ऋतूंच्या सांध्याला, सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला असे दोन आठवडे दिले आहेत. त्या अवधींत जुनी संवय हळूहळू सोडावी व नवी हळूहळू धरावी, एकदम केलेला बदल रोगाला कारण होतो, असें तो बजावतो. ती सावकाशी आणि संग्रहकाराची ती उघडी दृष्टि, एवढा वारसा आपण संभाळला, तर यादींतील एखादें द्रव्य गळालें म्हणून कांहीं बिघडणार नाहीं.