आयसोमेट्रिक दृश्य (कॅडमधील वापर)

आयसोमेट्रिक दृश्य : वस्तूची लांबी, रुंदी व उंची एकाच प्रमाणात आखूड दिसतील अशा दिशेने तिच्याकडे पाहून काढलेले समांतर प्रक्षेपाचे चित्र. घनाचा एक कोपरा डोळ्यासमोर धरून नजर आरपार विरुद्ध कोपऱ्याकडे नेली की हे दृश्य मिळते. तिन्ही अक्ष एकमेकांशी १२०° चा कोन करतात. उभा अक्ष उभाच राहतो, उरलेले दोन आडव्या रेषेपासून ३०° वर चढतात. समांतर रेषा समांतरच राहतात आणि दूरची बाजू लहान होत नाही, त्यामुळे अक्षांच्या दिशेने माप घेता येते. तिरक्या रेषांवर मात्र पट्टी ठेवण्यात अर्थ नसतो. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये ही पद्धत नियमबद्ध मांडली. व्याख्यानात दाखवायची यंत्रे ते सुट्या भागांतून जुळवून घेत. मदतनिसांना पाहताक्षणी उमगेल असे जुळणीचे चित्र त्यांना हवे होते.

कॅडमध्ये ‘आयसोमेट्रिक’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावला जातो आणि नवशिक्यांचा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे सपाट पानावर काढलेले त्रिमितीचा आभास देणारे चित्र. १९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडमध्ये यासाठी आयसोड्राफ्ट ही सोय आहे. ती चालू केली की कर्सरच्या रेषा तिरप्या होतात आणि एफ५ दाबत गेले की डावे, वरचे व उजवे अशी प्रतले आळीपाळीने मिळतात. वर्तुळ इथे लंबवर्तुळ दिसते, म्हणून नेहमीची सर्कल आज्ञा न वापरता इलिप्स आज्ञेतील आयसोसर्कल हा पर्याय घ्यावा लागतो. १०० मिमी व्यासाच्या भोकासाठी त्याचा मोठा अक्ष सुमारे १२२.५ मिमी आणि लहान अक्ष ७०.७ मिमी निघतो. ऑफसेट आज्ञेने तर भल्याभल्यांना चकवले आहे. ती लंब अंतर मोजते; १० मिमी जाडीसाठी ऑफसेट १० दिला तर अक्षाच्या दिशेने जाडी ११.५५ मिमी भरते. अशा वेळी रेषा अक्षाच्या दिशेने कॉपी करणे हाच खात्रीचा मार्ग. अक्षरेही ३०° किंवा उणे ३०° कलती केली तरच ती त्या त्या पृष्ठावर लिहिल्यासारखी वाटतात. एवढे सगळे केले तरी हे चित्र सपाटच राहते. ते फिरवून मागची बाजू पाहता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खऱ्या त्रिमितीय प्रतिकृतीकडे पाहण्याची ठरलेली दिशा. ऑटोकॅडमध्ये आग्नेय, नैर्ऋत्य, ईशान्य व वायव्य अशा चार दिशांची तयार आयसोमेट्रिक दृश्ये आहेत. सॉलिडवर्क्समध्ये कंट्रोल आणि ७, तर फ्रीकॅडमध्ये नुसते ० दाबले की हे दृश्य येते. स्केचअपमध्ये मात्र मूळ कॅमेरा यथार्थदर्शी असतो. समांतर प्रक्षेप निवडल्याशिवाय तिथले ‘आयसो’ दृश्य खऱ्या अर्थाने आयसोमेट्रिक होत नाही.

प्रतिकृतीच्या दृश्यात अक्षांवरची मापे मूळच्या सुमारे ०.८१६ पट दिसतात, आयसोड्राफ्टने काढलेल्या चित्रात ती पूर्ण असतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी मापे याच पटीत आखूड करून देणारी आयसोमेट्रिक स्केल का काढायला लावतात, याचे उत्तर या फरकात आहे. एकाच पानावर एकाच प्रमाणात ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर आयसोड्राफ्टचे चित्र प्रतिकृतीच्या दृश्याच्या जवळजवळ सव्वापट मोठे दिसते आणि चूक कुणाची यावर वाद रंगतो. चूक कुणाचीच नसते.

या दृश्यात बिंदू निवडताना सावध राहावे लागते. नुसत्या कडा दिसणाऱ्या घनाचे रूपांतर षट्कोनात होते, पुढचा व मागचा कोपरा तंतोतंत एकावर एक येतात. अशा वेळी स्नॅपने भलताच बिंदू पकडला तर पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही. प्रतिकृती थोडी फिरवली की रेषा हवेत लोंबकळताना सापडते. म्हणून आयसोमेट्रिक दृश्य समजून घ्यायला वापरावे, बिंदू टिपण्यासाठी समोरचे किंवा वरचे दृश्य बरे.

यंत्रभागांच्या कार्यरेखनात हे चित्र बहुधा पानाच्या एका कोपऱ्यात, मापांशिवाय, केवळ आकार लक्षात यावा म्हणून येते. पाइपिंगमध्ये मात्र तेच मुख्य कागद असते. तिथे त्याला नुसते ‘आयसो’ म्हणतात. पाइप कितीही जाड असला तरी एकाच रेषेने दाखवतात. सोबत वेल्डच्या जागा, सामानाची यादी आणि उत्तर दिशेचा बाण असतो. आज हे आयसो बहुतेकदा प्रकल्पाच्या त्रिमितीय प्रतिकृतीतून सॉफ्टवेअर आपोआप काढते, तरी ते प्रमाणात नसते. लांब सरळ पाइप पानात बसावा म्हणून आखूड केला जातो. त्यामुळे फॅब्रिकेटर रेषेवर पट्टी लावत नाही, तिच्यावर लिहिलेल्या आकड्यावरूनच पाइप कापतो.