लुगड्याचा काठ किती खाली? – कपडा ‘साधन’ म्हणून वाचताना

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. माझ्या एका कच्च्या प्रकरणात मी लिहिलं होतं की महाडनंतर अस्पृश्य स्त्रियांनी लुगडं नेसण्यात वरच्या जातींची नक्कल केली. गाइडनी ‘नक्कल’ या शब्दाभोवती गोल केला आणि समासात लिहिलं, ‘मूळ कुणाच्या मालकीचं होतं?’ बाकी शेरा काहीच नाही. त्या प्रश्नापायी माझे तीन महिने गेले, पण ते वाया गेले नाहीत. का, ते सांगतो.

आधी प्रसंग. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच पुन्हा परिषद भरली आणि 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. हे तुम्हाला पाठ असतं, नेट-सेटला विचारतात. त्याच दिवसांत डॉ. आंबेडकर स्त्रियांशी वेगळं बोलले, ते मात्र आपण तळटीपेत ढकलतो. त्यांच्या बोलण्याचा आशय असा: तुमची लुगडं नेसण्याची तऱ्हा आणि अंगावरचे ते जाड दागिने बघूनच तुमची जात ओळखली जाते, ती खूण टाका, वरच्या वर्गातल्या बायका नेसतात तसं नेसा, कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या.

आता इथे नीट थांबा. ते नवा कपडा विकत घ्या असं म्हणत नाहीत. लुगडं तेच, पैसा तोच. बदलायची आहे ती नेसण. काठ पोटरीवर ठेवायचा की घोट्यापर्यंत सोडायचा, एवढाच प्रश्न. म्हणजे संग्रहालयात जाऊन तुम्ही ते लुगडं घडी घातलेलं बघितलंत, तर त्यात हा इतिहास सापडणारच नाही. तो कापडात नाही, ते अंगावर कसं आहे त्यात आहे. कपड्यांवर काम करायचं असेल तर वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा.

मग ‘नक्कल’ म्हणायला काय हरकत? एम. एन. श्रीनिवासांची ‘संस्कृतीकरणा’ची संकल्पना आपल्या हाताशी असतेच: खालची जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलते. मीही तीच लावली होती. पण दोन पुरावे शेजारी ठेवा.

पहिला, जे पुस्तक जाळलं गेलं तेच. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम आहे: कपडे प्रेताचे, दागिने लोखंडाचे. कपडा आणि दागिना, दोन्ही एकाच श्लोकात. आणि महाडच्या भाषणातही कपडा आणि दागिना दोन्ही येतात. मात्र सावध राहा! ग्रंथात नियम आहे म्हणजे 1927 च्या कोकणात तो तसाच पाळला जात होता, असं सिद्ध होत नाही. ग्रंथ आदर्श सांगतो, व्यवहार नाही. व्यवहारासाठी दुसरीकडे जावं लागतं. मढ्यावरचं कापड गावकीचा हक्क म्हणून मिळायचं, हे दलित आत्मकथनांत वाचायला मिळतं. हे दोन धागे वेगवेगळे तपासायचे, लगेच गाठ मारायची नाही.

दुसरा पुरावा महाराष्ट्राबाहेरचा, त्रावणकोरचा. तिथे चन्नार (नाडार) स्त्रियांना छाती झाकण्याचा हक्क मिळावा म्हणून कित्येक वर्षं संघर्ष चालला. अखेर 1859 मध्ये संस्थानाने जाहीरनामा काढला. चन्नार स्त्रियांनी जाकीट घालावं, कोळणींसारखं जाडंभरडं कापड गुंडाळावं, कशाही रीतीने अंग झाकावं, हरकत नाही. फक्त वरच्या जातीच्या स्त्रियांसारखं नको. हे पुन्हा वाचा. झाकण्याला परवानगी आहे, बंदी आहे ती सारखं दिसण्यावर. सत्तेला भीती कापडाची नव्हती; रस्त्यात बघून जात ओळखू येणार नाही, याची होती.

आता महाडकडे परत या. ‘त्यांच्यासारखं नेसा’ हे वाक्य आता मला वेगळं ऐकू येतं. ज्या व्यवस्थेत सारखं दिसणं हाच गुन्हा असतो, तिथे सारखं दिसणं म्हणजे नक्कल नव्हे, नियम मोडणं. ‘नक्कल’ म्हणताना मी न कळत गृहीत धरलं होतं की घोट्यापर्यंतचा काठ ही एका जातीची मालमत्ता आहे. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध ते भाषण होतं त्यांचंच म्हणणं मी विश्लेषणाच्या भाषेत लिहीत होतो. गाइडनी गोल केला तो यासाठी.

याच्याबरोबर नेहमी दिली जाते ती तुलना म्हणजे गांधीजींची. 22 सप्टेंबर 1921 ला मदुराईत त्यांनी पंचा स्वीकारला, कारण गरिबांना पुरेशी खादी परवडत नाही. एकाने कपडा कमी केला, दुसऱ्याने वाढवायला सांगितला, असं लिहून निबंध संपवणं सोपं आहे. पण प्रश्न कमी-जास्तीचा नाहीच. गांधीजींकडे टाकायला काहीतरी होतं आणि टाकलं तरी लोक त्याला त्यागच म्हणणार होते. ज्याच्या उघड्या अंगाला कुणी त्याग म्हणत नाही, त्याने काय करावं?

तेव्हा कपडा साधन म्हणून हाती घेताना मी आता तीन प्रश्न विचारतो. हा कपडा असा घालायची मुभा कुणाला होती? नसेल आणि घातला, तर काय व्हायचं? आणि हे मला कोण सांगतंय, घालणारी की बघणारा? तिसऱ्यासाठी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) जरूर वाचा. आंबेडकरी चळवळीतल्या बायका त्यात स्वतः बोलतात.

आणि एक घरचा अभ्यास. घरातला जुना फोटो काढा आणि आजीच्या लुगड्याचा काठ कुठपर्यंत आहे ते बघा. आजी असेल तर तिलाच विचारा, ‘असं का नेसायचीस?’ ‘तशी पद्धतच होती’ हे पहिलं उत्तर येईल. तिथे वही मिटू नका. मी मिटली होती.