टोकियो खटला व न्या. पाल यांचे भिन्नमत

दुसऱ्या महायुद्धातील जपानी राज्यकर्ते व सेनानी यांच्यावर विजेत्या राष्ट्रांनी चालवलेला खटला (३ मे १९४६ ते १२ नोव्हेंबर १९४८). तो टोकियोतील इचिगाया येथे, जपानी लष्कराच्याच जुन्या इमारतीत भरला. न्यायाधीश ११ आणि आरोपी २८. पहिल्याच दिवशी शुमेई ओकावा या आरोपीने पुढे बसलेल्या माजी पंतप्रधान तोजो यांच्या टकलावर चापट मारली. वेडसर ठरवून त्याला वगळण्यात आले. दोघे खटल्यादरम्यान वारले. उरलेले २५ दोषी ठरले आणि तोजोंसह ७ जण फाशी गेले.

न्यायासनावर तटस्थ देशाचा एकही माणूस नव्हता. फिलिपीन्सचे न्या. हारानिल्या तर जपान्यांनी युद्धकैद्यांना चालवत नेलेल्या बाताआनच्या मृत्युयात्रेतून वाचलेले. त्यांच्या यातनांपुढे मान झुकते. पण ज्याने सोसले त्यानेच निवाडा द्यावा, हे तालुक्याच्या कोर्टातही चालत नाही. सम्राट हिरोहितोंवर आरोपच ठेवला नाही. कैद्यांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या ‘युनिट ७३१’च्या प्रमुखांना अमेरिकेने प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात अभय दिले.

भारताचे न्या. राधाबिनोद पाल (१८८६–१९६७) यांनी १,२०० हून अधिक पानांचे भिन्नमत लिहून सर्वांना निर्दोष ठरवले. युद्ध पुकारणे हा त्या काळी व्यक्तीला शिक्षा व्हावी असा गुन्हाच नव्हता, मागाहून केलेला कायदा मागच्या कृत्यांना लावता येत नाही आणि आक्रमक युद्धाच्या कटाचा पुरावा अपुरा आहे, हे त्यांचे मुख्य मुद्दे. अणुबाँबच्या निर्णयाचा जाबही त्यांनी मागितला. चीनमधील नानकिंग येथे जपानी सैन्याने केलेले अत्याचार मात्र त्यांनी नाकारले नाहीत. पुरावा जबरदस्त आहे, असेच लिहिले. तरीही तेथील सेनापती मात्सुई यांना त्यांनी सोडले, आणि माझ्या मते भिन्नमताची हीच लंगडी बाजू. हाताखालचे सैन्य आठवडेच्या आठवडे कत्तली व बलात्कार करत असताना सेनापतीची जबाबदारी संपत नाही.

भिन्नमत न्यायालयात वाचले गेले नाही. पुढे जपानी राष्ट्रवाद्यांनी त्याला डोक्यावर घेतले. टोकियोतील युद्धमृतांच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात २००५ मध्ये पालांचे स्मारक उभे राहिले. पालांनी जपानला निर्मळ म्हटले नव्हते, हे तिथे हात जोडणाऱ्यांच्या गावी नसते.

आक्रमणाची व्याख्या कुठे आहे, हा पालांचा प्रश्न दीर्घकाळ टिकला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासाठी ती २०१० मध्ये युगांडातील कंपाला येथे ठरली आणि २०१८ पासून अमलात आली. सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवल्याखेरीज या न्यायालयाचे सदस्य नसलेल्या देशांच्या नागरिकांवर या गुन्ह्याचा खटला चालत नाही. अमेरिका, रशिया, चीन आणि भारतही सदस्य नाहीत.