बाजारपेठ आणि बसायची जागा



बाजारात आपण कशाला जातो? मीठ-मिरची आणायला, असे कोणीही सांगेल. पण आठवड्याच्या बाजारातून परतणाऱ्या माणसाची पिशवी पाहा, आणि त्याला लागलेला वेळही पाहा. पाव किलो मिरची घ्यायला काही अर्धा दिवस लागत नाही! बाकीचा वेळ माणसे भेटण्यात गेलेला असतो. कोणाची सोयरीक जमली, कोणाचे भात कापून झाले, कोणाची म्हैस विकायची आहे, हे सारे बाजारातच कळते. तेव्हा बाजाराला नुसती दुकाने पुरत नाहीत. तिथे टेकायला, चार शब्द बोलायला जागा लागते.

आता शहरांतून एका छपराखाली शंभर-शंभर दुकानांचे मॉल उभे राहिले आहेत. तिथे लोकांना जमायला सामाईक जागा कशी करावी, यावर पुष्कळ चर्चा चालते. या प्रश्नाचे धडे घ्यायला आज मी तुम्हाला दूर नेणार नाही. आपण जाऊ महाड तालुक्यातल्या पाचाडला.

पाचाड म्हणजे रायगडाच्या पायथ्याचे गाव. गडावरचा थंड वारा जिजाबाईंना उतारवयात मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी इथे वाडा बांधला. 6 जून 1674 रोजी गडावर राज्याभिषेक झाला, आणि पुढच्या अकराच दिवसांत, 17 जूनला, मातोश्रींनी पाचाडास देह ठेवला. त्यांची समाधी गावातच आहे. वाड्याचे आज जोते आणि तटाच्या भिंती उरल्या आहेत. तिथे पायऱ्यांची एक विहीर आहे, आणि विहिरीपाशी टेकून बसण्यासाठी केलेले दगडी आसन आहे. लोक तिला तक्क्याची विहीर म्हणतात. पाणी काढायला आसन लागत नाही, बरं का! बांधणाराने ते मुद्दाम केले, कारण पाणवठ्यावर माणसे येतात आणि थांबतात, हे त्याला ठाऊक होते.

आता गड चढू या. नगारखान्यातून बाहेर पडले की समोर मोकळे मैदान लागते, तो होळीचा माळ. त्याला लागून दोन समांतर रांगांत बांधकामाचे अवशेष दिसतात. एका रांगेत 22, दुसऱ्या रांगेत 22. हीच रायगडची बाजारपेठ. ती सगळीच दुकाने होती की त्यांत घरे-कचेऱ्याही होत्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बाजारपेठ हे नाव मात्र रूढ आहे. घोड्यावर बसल्या बसल्या सौदा घेता यावा म्हणून जोती उंच केली, असेही सांगतात. ती आख्यायिका आपण आख्यायिका म्हणूनच ऐकावी. पण रस्त्याची रुंदी डोळ्यांना दिसते. सुमारे 40 फूट! गडावर सपाट जागा म्हणजे सोन्याच्या मोलाची. तरीही पेठेमधून एवढा रस्ता सोडला, आणि पेठेच्या तोंडाशी माळ मोकळा ठेवला. व्यापार आणि सण यांची अशी शेजारशेजारची मांडणी होती.

तरी गडाला दरवाजे होतेच. हिरकणी गवळणीची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. दूध घालायला आलेली बाई संध्याकाळी दरवाजे बंद झाल्याने आत अडकली, आणि तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेली. हीही आख्यायिकाच, पण जागा किती मोठी आहे एवढे विचारून भागत नाही, तिचा दरवाजा कोणाच्या हाती आहे हेही विचारावे लागते, ही गोष्ट ती आपल्याला शिकवते.

याच दरवाजाचा प्रश्न पुढे महाडात उभा राहिला. पाचाडहून महाड सुमारे 25 किलोमीटर. सावित्रीकाठची ही जुनी व्यापारी पेठ. इथले चवदार तळे सार्वजनिक, पण अस्पृश्य मानलेल्यांना तिथे पाण्याची बंदी होती. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले. पण कागदावर! 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ला झाला, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि खटला चालत राहिला. अखेर 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. सामाईक जागा नुसत्या ठरावाने सामाईक होत नाही. ज्याला आत येऊ देत नव्हते तो आत येऊन निर्धास्त उभा राहतो, तेव्हाच ती खरी सर्वांची होते.

आता थोडे परदेशाकडे पाहू. व्हिक्टर ग्रूएन हे मूळचे व्हिएन्नाचे वास्तुशिल्पी. 1938 साली ते अमेरिकेत गेले. मिनेसोटा राज्यात 1956 साली त्यांनी साउथडेल नावाचा बंदिस्त मॉल उभारला. मधोमध छपराखाली मोठा चौक केला. भोवती घरे, शाळा, बागा याव्यात आणि गावाला मध्य लाभावा, अशी त्यांची कल्पना. झाले उलटेच. भोवती मोटारी उभ्या करायचे मैदान राहिले, आणि पुढच्या मॉलवाल्यांनी दुकाने तेवढी उचलली. उतारवयात ग्रूएन यांनी या मॉलांचे जनकत्वच नाकारले.

आपल्याकडे 1999 साली मुंबईत उघडलेल्या एका मॉलने सुरुवातीला ज्यांच्याजवळ क्रेडिट कार्ड किंवा मोबाईल फोन नाही, त्यांच्याकडून आत येण्याचे पैसे मागितले. महाडचा अन्याय आणि ही अडवणूक एका मापाने मोजता येणार नाही; तिथे माणूसपणच नाकारले होते. पण दारातल्या माणसाकडे पाहून आत घ्यायचे की नाही हे ठरवू लागले, की आतला चौक कितीही सुंदर असो, तो लोकांचा राहत नाही.

गुरुजींना माझी एक विनंती आहे. मुलांना रायगडावर न्याल तेव्हा पेठेचा रस्ता त्यांच्या पावलांनी मोजून घ्या. मग आपल्या गावच्या बाजारात न्या आणि चार गोष्टी लिहायला सांगा: सावली कुठे आहे, प्यायचे पाणी कुठे आहे, खिशात पैसा नसलेल्या म्हातारीला बसायला जागा आहे का, आणि कोणाला तिथून उठवतात का. गावकरी मंडळींनीही ती वही वाचावी. ज्या रकान्यात मुलांनी ‘नाही’ लिहिले असेल, तिथून ग्रामसभेला कामाची सुरुवात करता येईल.