उजळणी, विज्ञानाची (इयत्ता आठवी, सातारा-सांगली)

सातवी-आठवीच्या सामान्य विज्ञानातले भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे धडे परीक्षेआधी पुन्हा पक्के करून घेण्याची रीत. कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत तिचा खरा हंगाम दिवाळीच्या सुट्टीनंतर येतो. जादा तास, सराव पेपर, प्रश्नपेढी ही त्याची नेहमीची सामग्री. शाळेची सत्र परीक्षा हे त्याचे दुय्यम कारण असते. मुख्य कारण ‘एनएमएमएस’.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजनेची ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत आठवीत शिकणारी, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा जास्त नसलेली मुले तिला बसतात. सातवीत ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के पुरतात. बौद्धिक क्षमता चाचणी ९० गुणांची, शालेय क्षमता चाचणीही ९० गुणांची आणि प्रत्येकीला वेळ ९० मिनिटे. घराघरांत ‘स्कॉलरशिप’ म्हणून ओळखली जाणारी परीक्षा वेगळी. तिच्या सध्याच्या रूपात भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता आहे, विज्ञान नाही. त्यामुळे आठवीच्या मुलाला पाठ्यपुस्तकातले विज्ञान स्पर्धेसाठी धरायला लावणारी मोठी परीक्षा म्हणजे एनएमएमएसच. नववीच्या प्रवेशासाठी सैनिकी शाळेची परीक्षा देणाऱ्यांनाही सामान्य विज्ञानाचे २५ प्रश्न असतात. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली, त्यामुळे ही वाट या भागात बरीच ओळखीची आहे.

शालेय क्षमता चाचणीत विज्ञानाला ३५ गुण आहेत : भौतिकशास्त्र ११, रसायनशास्त्र ११, जीवशास्त्र १३. पहिल्या दोहोंचे मिळून २२ गुण दिसायला थोडे आहेत. पण गुणवत्ता यादीत एकेका गुणाने नाव वर-खाली होते, आणि पाठांतरावर विसंबलेला विद्यार्थी चुकतो तो बहुधा याच २२ गुणांत.

अभ्यास सातवी व आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांतून होतो. आठवीचे पुस्तक २०१८ सालचे, एकोणीस धड्यांचे. बल व दाब, धाराविद्युत आणि चुंबकत्व, उष्णतेचे मापन व परिणाम, ध्वनी, प्रकाशाचे परावर्तन हे त्यातले भौतिकशास्त्र. अणूचे अंतरंग, द्रव्याचे संघटन, धातू-अधातू, आम्ल-आम्लारी ओळख, रासायनिक बदल व रासायनिक बंध हे मुख्य रसायनशास्त्र. अडचण अशी, की परीक्षा सहसा डिसेंबरात येते आणि उष्णता, ध्वनी, प्रकाश हे धडे पुस्तकात चौदाव्या क्रमांकापासून पुढे आहेत. वर्गात अजून न शिकवलेल्या धड्यांचीही ‘उजळणी’ करावी लागते, ती अशी. जादा तास घेणारे शिक्षक म्हणूनच हे धडे गणपतीच्या आधीच उरकायला बघतात.

घरच्या अभ्यासाच्या वेळेबाबत सांगली जिल्ह्याने एक उदाहरण घालून दिले आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. त्यानंतरचा दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे, मुलांनी पुस्तक घेऊन बसायचे, असा ठराव गावाने केला. या बातमीची दखल परदेशांतल्या वृत्तसंस्थांनीही घेतली. भोंगा वेळ मिळवून देतो; त्या वेळात काय करायचे हा प्रश्न मात्र उरतोच. बहुतेक मुले गाईडमधले प्रश्न आणि त्यांची अक्षरे पाठ करतात : सतरावा प्रश्न, पर्याय ‘क’. प्रश्न जरा फिरवून विचारला की हे पाठांतर कोसळते.

वास्तविक या भागातल्या मुलाला निम्मा अभ्यासक्रम गावातच बघायला मिळतो. आम्ल-आम्लारीचा धडा घ्या. सांगलीची हळद देशभर जाते, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद हा नैसर्गिक दर्शक आहे. साबणाच्या पाण्यात किंवा चुन्याच्या निवळीत तिचा पिवळा रंग तांबडा होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. परीक्षेत मात्र फसवणारा प्रश्न उलट्या बाजूने येतो : हळदीचा कागद लिंबाच्या रसात बुडवला तर काय होईल? उत्तर, पिवळाच राहील. साध्या पाण्यातही पिवळाच राहतो. म्हणजे हळद आम्लारी ओळखते, पण आम्ल आणि उदासीन पदार्थ यांत तिला फरक करता येत नाही. लिटमसला तो करता येतो. ही एक गोष्ट स्वयंपाकघरात करून पाहिलेल्या मुलाला चार पर्यायांची भीती राहत नाही.

तासगावचा बेदाणा त्याहून शिकवून जाणारा. द्राक्षांचे घड शेडमध्ये वाळत घालण्यापूर्वी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. डिपिंग ऑइलमध्ये मुख्यतः इथिल ओलिएट असते. या द्रावणामुळे सालीवरच्या मेणाचा थर पाणी अडवेनासा होतो आणि मणी लवकर सुकतो. पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण आम्लारिधर्मी; हळदीचा कागद त्यात तांबडा होईल. पुढे बेदाण्याला पिवळा रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. गंधक अधातू, तो जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि हा वायू पाण्यात विरघळला की आम्ल तयार होते. अधातूंची ऑक्साइडे आम्लधर्मी असतात हे धातू-अधातूच्या धड्यातले वाक्य सावळजच्या एखाद्या शेडमध्ये नाकाला झोंबून कळते. एकाच मालावर आधी आम्लारी, नंतर आम्ल असा प्रवास दाखवणारा दुसरा व्यवसाय या परिसरात सहज सापडणार नाही.

गुऱ्हाळही असेच. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो. गुळव्या काहिलीत चुना टाकतो तो त्यातले आम्ल मारायला, म्हणजे उदासिनीकरण करायला. भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते ती काढून टाकतात. आता ‘गूळ तयार होणे हा कोणता बदल?’ असा प्रश्न सराव पेपरात दिसला, तर तो प्रश्नच कच्चा समजावा. रसातल्या पाण्याची वाफ होणे हा भौतिक बदल. चुन्याची क्रिया आणि साखर तापून रंग गडद होणे हे रासायनिक बदल. प्रश्न काढणाऱ्याने गुऱ्हाळ पाहिले असते तर त्याने तो असा विचारला नसता.

धातूंच्या बाबतीत खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतल्या मुलांच्या घरातच शिक्षक असू शकतो. विटा परिसरातली अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यात आहेत. देशभरच्या सराफ बाजारांत त्यांच्या भट्ट्या आहेत. अशुद्ध सोन्यातली चांदी आणि तांबे तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात विरघळते. सोने तसेच मागे राहते. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाचे अम्लराज मात्र सोन्यालाही विरघळवते. चांदी उतरलेल्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदी सुटी होते, कारण तांबे चांदीपेक्षा अधिक क्रियाशील आहे. राजधातू म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोणते पुस्तक सांगणार? कॅरटचे गणितही तिथेच सुटते : २४ कॅरट म्हणजे शुद्ध, म्हणून २२ कॅरट म्हणजे २२ भागिले २४, सुमारे ९१.६ टक्के. दागिन्यावरचा ९१६ हा आकडा तोच. (तेजाबाचा प्रयोग मुलांनी घरी करायचा नाही. त्यातून निघणारा तपकिरी वायू विषारी असतो.)

भौतिकशास्त्रात सर्वांत जास्त गोंधळ दाबाचा आणि वजनाचा. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वजन न्यूटनमध्ये. मार्केट यार्डात एक किलो हळद तोलली तर तिचे वजन ९.८ न्यूटन भरते. दाबासाठी पलूस तालुक्यात १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी आणि तिथले पंप आठवावेत. विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप फार खोलचे पाणी ओढू शकत नाही, म्हणून शेतकरी मोटर खाली उतरवतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो खरे. प्रत्यक्षात पंप नळीतली हवा कमी करतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. सुमारे १,०१,३०० पास्कलचा हा दाब समुद्रसपाटीला फार तर दहा मीटरपर्यंत पाणी चढवतो. व्यवहारात त्याहूनही कमी. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच आहे आणि ती पायथ्याशी जास्त रुंद का, याचे उत्तरही याच धड्यात मिळते. पाण्यात १०० मीटर खोलीवर केवळ पाण्याचा दाब ९.८ लाख पास्कल होतो.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे वाक्य प्रत्येक मुलाला पाठ असते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ते ९५-९६ अंशांनाच उकळते. उत्तरपत्रिकेत १०० हाच पर्याय रंगवावा, पण ‘प्रमाण दाबाला’ हे शब्द मनात धरून.

ध्वनीसाठी मिरज. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये करू लागली आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची खुंटी पिळली की तारेचा ताण वाढतो, वारंवारिता वाढते, स्वर चढतो. तार जाड घेतली की तो उतरतो. मध्य सप्तकातला सा २५६ हर्ट्‌झ धरला तर तार सा ५१२. भोपळा स्वर बदलत नाही, आवाज मोठा करतो. आयाम आणि वारंवारिता यांची अदलाबदल करणारे निम्मे विद्यार्थी एवढ्यावर सुधारतात.

धाराविद्युत आणि प्रकाशाच्या परावर्तनाबद्दल इथे निराळे सांगण्यासारखे काही नाही. दीड व्होल्टचे तीन घट एकसर जोडले तर साडेचार व्होल्ट होतात हे टॉर्च उघडून पाहावे, आपतन कोन आरशाच्या पृष्ठभागापासून न मोजता स्तंभिकेपासून मोजावा, एवढे पुरे.

माध्यमाचा प्रश्न मात्र खरा आहे. सेमी इंग्रजी शाळेतला मुलगा ‘बेस’ म्हणतो, मराठी माध्यमातला ‘आम्लारी’, आणि जत तालुक्यात तर कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. परीक्षेच्या माध्यमांत कन्नडचाही समावेश आहे. संज्ञेबद्दल शंका आली तर वाईत सिद्ध झालेला मराठी विश्वकोश महाजालावर मोफत वाचता येतो. त्याचा पहिला खंड १९७६ सालचा.

पेपर सोडवताना चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही वर्तुळ कोरे ठेवू नये. दोन्ही चाचण्यांत मिळून ४० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ३२ टक्के. त्यापुढची निवड जिल्ह्याच्या कोट्यानुसार होते. महाराष्ट्राचा एकूण कोटा ११,६८२. निवड झालेल्याला नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. २०१७ पूर्वी ही रक्कम निम्मी होती. पात्र ठरूनही कोट्यात न बसलेल्या मराठा व कुणबी-मराठा विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपयांची. एनएमएमएसची रक्कम अकरावीत पुढे चालू राहण्यासाठी दहावीला ६० टक्के गुण आवश्यक असतात. अनुसूचित जाती-जमातींना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे.