खवीस

'विहिरीकडे जाऊ नकोस, खवीस बसलाय!' आजीच्या या वाक्याने माझी दुपार ओटीवरच संपायची. शब्द मूळचा अरबी, 'खबीस': घाणेरडा, दुष्ट. अरबीत त्याचे शेवटचे अक्षर जीभ दातांत धरून उच्चारतात. फारसीने त्याचा 'स' केला, मराठीने 'ब'चा 'व'. शौचाला जाताना मुसलमान जी दुआ म्हणतात, तीत याच धातूचे शब्द सैतानांसाठी येतात. म्हणजे भूत त्या शब्दात आधीपासूनच होते. आपल्याकडे मुसलमान माणसाच्या भुताला खवीस म्हणू लागले. परक्या भुताला त्याच्याच भाषेतले नाव मिळाले, हे मला फार मोलाचे वाटते. उर्दूत 'खबीस' ही आजही शिवी आहे. आता विहिरी बुजल्या, पण भाडेकरूला छळणारा घरमालक अजून 'खवीस म्हातारा'च असतो.